खिरापतीवर धाड

आमच्या घरावर निवडणुकीच्या भरारी पथकाची धाड पडली तेव्हा घरात आक्षेपार्ह वस्तू एकच होती, आणि ती म्हणजे मी. (हे माझं मत नाही. आमच्या हिचं आहे.)

तसा मी निरुपद्रवी माणूस. पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, निवृत्त झालो, जालना रोडच्या आतल्या अंगाला एका कॉलनीत बैठं घर बांधलं आणि गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे तसा प्रयत्न केला. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूसुद्धा नाही. नाद एकच, शब्दांचा. अमुक शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, मग तो कसा घसरत घसरत आजच्या अर्थापाशी आला, हे एकदा मला कळलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जात नाही. आता याच्यात कुणाचं काय नुकसान आहे? पण कॉलनीतले लोक मला लांबून येताना पाहिलं की बुटाची नाडी बांधायला खाली बसतात. चपला घातलेले लोकसुद्धा!

बायको, नलिनी, सोयगावची. तिकडं खानदेशाच्या शेजारामुळं भुलाबाई बसवतात. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीच्या भुलाबाईपुढं पोरीबाळी संध्याकाळी गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खिरापत. ही खिरापत सरळ हातावर पडत नाही. घरमालकीण ती बंद डब्यात घालून आणते, डबा हलवून दाखवते, आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. ओळखलं तर ओळखणारीची वाहवा. कुणालाच नाही ओळखता आलं तर सगळ्यांनी मिळून "हरलो" म्हणायचं, आणि मग डबा उघडायचा. लग्न होऊन आली तेव्हा नलिनीनं माहेराहून दोनच गोष्टी आणल्या होत्या, ही भुलाबाई आणि तिचा स्वभाव. दोन्ही अजून चांगल्या अवस्थेत आहेत.

भुलाबाईच्या शेवटच्या रविवारी ती कॉलनीतल्या सगळ्या बायकांना बोलावते. तिच्या डब्यातलं ओळखणं अवघड, अशी तिची ख्याती होती. होती म्हणजे, गेल्या वर्षीपर्यंत. गेल्या वर्षी शेजारच्या रुखसानाभाभींनी डबा एकदाच हलवला, कान जरासा कलता केला, आणि म्हणाल्या, "शंकरपाळे हैं. और मोहन कम पड्या जी."

शंकरपाळेच होते. मोहनही कमी पडलं होतं. सगळ्या बायका हसल्या. नलिनीही हसली, पण तिचं ते हसणं मी ओळखतो. लग्नात माझ्या आत्यानं मानपानावरून टोमणा मारला होता तेव्हा ती तसं हसली होती, आणि आत्याला अजून आमच्याकडं चहात साखर कमीच मिळते.

थोडक्यात, यंदा रुखसानाभाभींकडून "हरलो" म्हणवून घेणं हा आमच्या घरातला एकमेव कार्यक्रम होता. यंदा खिरापत काय, हे मलाही सांगायचं नाही, असं ठरलं. स्वयंपाकघराचं दार आतून बंद. मी पाणी मागितलं तरी तांब्या फटीतून बाहेर यायचा.

आता मला घरात कुणी बोलायला नाही म्हटल्यावर मी कुठं जाणार? हमीदभाईंकडं. हमीदभाई म्हणजे रुखसानाभाभींचे मालक. त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आता मुलगा बघतो, हे फक्त तक्रार करायला जातात. संध्याकाळी आमच्या दोघांचा चहा कंपाउंडच्या भिंतीवर होतो, ते त्यांच्या बाजूनं, मी माझ्या बाजूनं, कप मधोमध.

मी म्हणालो, "यंदा भाभींना खिरापत ओळखता येणार नाही बरं का."

ते म्हणाले, "क्या खिरापत खिरापत लगाके रखे तुमलोगां. हमारे में खैरात बोलते. वहीच है ना ये?"

माझा चहा भिंतीवर सांडला. खैरात! खिरापत! एवढी वर्षं तोंडात होता शब्द आणि कधी चावून बघितला नाही! मी तसाच घरात पळालो, कोश काढला, आणि हमीदभाईंचं म्हणणं तंतोतंत बरोबर निघालं. अरबी खैरात. म्हणजे आधी सत्कृत्यं, मग दानधर्म. तो शब्द आपल्याकडं आला आणि कथा-कीर्तन संपल्यावर सगळ्यांना जे गोडधोड फुकट वाटतात त्याला चिकटला. तिथून पोरीबाळींच्या डब्यात शिरला आणि चांगलाचुंगला खाऊ झाला. आणि आता? आता पेपर उघडा. 'आश्वासनांची खिरापत', 'पदांची खिरापत'. ढीगभर आणि ऊठसूट वाटलं की झाली खिरापत! बिचारा शब्द दान म्हणून घरातून निघाला, वाटेत गोड झाला, आणि शेवटी निवडणुकीत जाऊन बसला.

हे सगळं मी स्वतःपाशी ठेवायला हवं होतं. पण मी ते कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

मजकूर लांबलचक होता, हे मला मान्य आहे. मध्ये अरबी, फारसी, दख्खनी असा वळसा होता, शेवटी माझं थोडं चिंतन होतं. पण सुरुवात अगदी सोपी ठेवली होती: 'येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरी खिरापत आहे. खिरापत म्हणजेच खैरात! मूळ अर्थ, गरजूंना मुक्तहस्ते केलेलं दान. निवडणुकीच्या दिवसांत तर हा शब्द...' आणि नेमकं इथं व्हॉट्सॲपनं 'आणखी वाचा' असं म्हटलं होतं. कॉलनीत आणखी वाचणारा एकही माणूस नाही, हे मला नंतर कळलं.

मग कुणातरी सज्जनानं तो पुढं पाठवला. पुढं पाठवताना पाल्हाळ काढून टाकला. वॉर्डभर जे फिरलं ते असं होतं: 'गाडेकरकाकांकडं रविवारी संध्याकाळी खैरात. गरजूंनी यावं. निवडणूक विशेष.'

व्याकरणात चूक नव्हती, एवढंच माझं समाधान.

रविवारी सकाळी बबनराव आले. बबनराव आमच्या वॉर्डातून नगरसेवक व्हायच्या खटपटीत होते. आचारसंहिता लागलेली, ते सकाळपासून रात्रीपर्यंत हात जोडूनच हिंडायचे. हातात शाल, नारळ, बरोबर फोटो काढायला एक जण. मी चकित! माझ्याकडं आजवर शाल घेऊन कुणी आलेलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा ऑफिसनं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, तेही मागं पडणारं.

"काका, तुमचं वाचलं," बबनराव म्हणाले.

"वाचलंत?" मी फुललो.

"वॉर्डात समद्यांनी वाचलंय! पण काका, आधी आमच्या कानावर घालायचं ना. आम्ही काय परके हाव?"

"अहो, मलाच आत्ता कळलं! हमीदभाई सहज बोलून गेले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला."

"हमीदभाई?" बबनरावांचा चेहरा उतरला. "म्हंजी त्या गल्लीचा पाठिंबा बी तुमालाच?"

"पाठिंबा कसला, पुरावाच आहे! आजचा नाही, निजामाच्याही आधीपासूनचा."

बबनरावांनी कपाळ पुसलं. "मंग आज संध्याकाळी किती लोकांना वाटणार?"

"तीसेक बायका येतात."

"निस्त्या बायका?"

"आमच्या हिचं बायकांत वजन आहे. वर्षानुवर्षं करते ती हे."

"वर्षानुवर्षं!" ते खुर्चीच्या काठावर आले. "आन् देणार काय?"

"ते गुपित आहे. मलाही सांगितलेलं नाही. पण प्रत्येकीला वाटीभर."

"वाटी?" बबनरावांचा आवाज खाली गेला. "स्टीलची?"

"मग काय घरी आलेल्या बाईला प्लास्टिकची देणार? स्टीलचीच!"

बबनराव उठले. त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली, नारळ हातात दिला, फोटो झाला, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "काका, काय असंल ते मन मोकळं करून सांगा. पर फॉर्म भरू नका."

"कसला फॉर्म?"

"वा! लई पोचलेले आहात," असं म्हणून ते पायऱ्या उतरले. उतरता उतरता त्यांनी कुणाला तरी फोन लावला. मला वाटलं, माझ्या व्युत्पत्तीबद्दलच सांगत असतील.

नलिनीनं स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडलं. "कशाची शाल?"

"शब्दाची," मी म्हणालो. "संशोधन आवडलं त्यांना."

तिनं दार लावून घेतलं. शाल मात्र मी काढली नाही. संध्याकाळी बायका येणार, त्यांनी बघावी, एवढीच माफक इच्छा. ऊन होतं, अंगाला घाम फुटला होता, पण सत्कार वारंवार होत नाहीत.

संध्याकाळी बायका जमायला लागल्या. भुलाबाईपुढं पणती लागली, गाणी सुरू झाली. मी शालीसकट फाटकाशी उभा राहून स्वागत करत होतो. एवढ्यात एक म्हातारी आली. कॉलनीतली नव्हती. हातात कापडी पिशवी, बरोबर दोन नातवंडं.

"इथंच हाय का खैरात?" तिनं विचारलं.

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. "आजी! बरोबर शब्द वापरलात! लोक खिरापत म्हणतात, पण मूळ शब्द हाच!"

"व्हय," आजी म्हणाली. "मंग कवा सुरू व्हतीय?"

तिच्या मागं आणखी चार बाया होत्या. त्यांच्या मागं पलीकडच्या बांधकामावरची माणसं, सगळ्या कुटुंबासह. एक लांब दाढीचे फकीर आले, त्यांनी दुवा दिली आणि कंपाउंडला टेकून बसले. सगळं अगदी शिस्तीत. कुणी ढकलाढकली नाही, आवाज नाही. रांग आमच्या फाटकापासून निघून हमीदभाईंच्या फाटकावरून कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेली आणि तिथून वळली. वळून किती गेली ते मी बघायला गेलो नाही. धीर झाला नाही.

हमीदभाई दुकानातून धावत आले. "मियाँ, ये क्या लगाके रखे? मेरे कू दुकान पे फोन आया, तुमारे घर में खैरात है बोलके. कोई मन्नत मांगे थे क्या?"

"मी फक्त शब्दाचा अर्थ सांगितला हो!"

हमीदभाईंनी रांगेकडं पाहिलं. "तो लोगां अर्थ लेने कू आये ना!"

आत गाणी थांबली. नलिनी बाहेर आली. तिनं रांग बघितली, रांगेतली पोरं बघितली, माझ्या अंगावरची शाल बघितली.

"हे कोण लोक?" तिनं शांतपणे विचारलं.

"वाचक," मी म्हणालो.

त्यानंतर ती माझ्याशी जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. (सोयगावकडचे काही शब्द होते. त्यांचं मूळ शोधायची ती वेळ नव्हती.) पण बोलणं संपवून तिनं पदर खोचला. "लोकं दारात आलेत. तसंच पाठवायचं का? भाभी, तुमचं मोठं पातेलं काढा. हमीदभाई, तांदूळ बघा कुणाकडं किती हाय. आन् तुम्ही, कांदे चिरा."

मी शाल सावरत कांदे चिरायला बसलो.

पुढच्या तासाभरात आमच्या अंगणाचं लग्नघर झालं. कुणी तांदूळ आणला, कुणी डाळ, कुणी तेलाची पिशवी. हमीदभाईंनी तीन विटा मांडून चूल पेटवली. भुलाबाईला आलेल्या बायका भरजरी साड्यांतच डाळ धुवायला बसल्या. खिचडी शिजायला लागली, पण एवढ्या माणसांना द्यायची कशात? तर प्रत्येक घरातून वाट्या आल्या. स्टीलच्या! लग्नात आहेरात आलेल्या, वास्तुशांतीत वाटलेल्या, नावं घातलेल्या, बिननावाच्या. फाटकाशी, माझ्या शेजारी, स्टीलच्या वाट्यांचा चांगला कंबरेएवढा ढीग झाला.

आणि नेमकी तेव्हाच जीप आली.

जीपवर पाटी होती, भरारी पथक. आतून एक साहेब उतरले, एक पोलीस, आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक पोरसवदा माणूस. साहेब चाळिशीचे, शांत, दमलेले. त्यांना तक्रार गेली होती की अमुक कॉलनीत एक गृहस्थ मतदारांना स्टीलच्या वाट्या वाटताहेत. (फोन कुणी केला ते मी सांगणार नाही. आपल्या अंगावर शाल घालणाऱ्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.)

आता तुम्हीच त्या साहेबांच्या जागी उभे राहा. समोर नजर पोचेल तिथपर्यंत रांग. रटरटणारं पातेलं. स्टीलच्या वाट्यांचा डोंगर. आणि डोंगराशेजारी शाल पांघरलेला, हात जोडलेला मी.

"उमेदवार आपणच?" साहेब म्हणाले.

"छे छे! मी पाटबंधारे."

"वाट्या कशाला वाटताय?"

"वाट्या नाही, खिचडी वाटतोय. वाट्या परत घेणार."

"सगळे असंच म्हणतात," साहेब म्हणाले. "पण का वाटताय? कारण?"

मला कुणी कारण विचारलं की माझा ताबा सुटतो. मी घसा साफ केला. "त्यासाठी आपल्याला थोडं अरबी भाषेपर्यंत मागं जावं लागेल."

साहेबांनी कॅमेरावाल्याला खूण केली. "हे घे रे सगळं."

आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कुणीतरी टिपून घेत होतं! मी खैरातपासून सुरुवात केली, कीर्तनाच्या प्रसादावरून भुलाबाईच्या डब्यापर्यंत आलो. पोलीस पायरीवर बसला. रांगेतल्या आजीनं नातवंडाला मांडीवर घेतलं. "...आणि निवडणुकीतही खिरापत वाटतात, असं आपण म्हणतो," एवढं मी म्हणालो आणि साहेबांनी हात वर केला.

"हे कबूल करताय?"

"भाषिकदृष्ट्या!"

"मघाशी डबा म्हणालात. डबा कुठाय?"

सगळ्यांच्या माना आत वळल्या. भुलाबाईपुढं कडीचा पितळी डबा होता. नलिनी त्याच्या आणि साहेबांच्या मधे उभी राहिली.

"उघडा," साहेब म्हणाले.

"ओळखल्याबिगर डबा उघडत नाय," नलिनी म्हणाली.

"बाई, मी निवडणुकीच्या कामावर आहे."

"मी भुलाबाईच्या कामावर हाय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कांद्यांकडं पाहिलं. चाळीस वर्षं हिच्यासोबत काढलेल्या माणसाकडं मदत मागून उपयोग नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी डबा हातात घेतला. हलवला. पुन्हा हलवला.

"आवाज येत नाही," ते संशयानं म्हणाले. "कागदी काही असेल तर आवाज येत नाही."

"ओळखा ना साहेब!" मागून बायका ओरडल्या.

"हा चौकशीचा भाग आहे, खेळ नाही." ते क्षणभर थांबले. मग, अगदी चौकशीच्याच आवाजात, "गोड आहे का तिखट?"

नलिनी जराशी अडखळली. "सांगता यायचं नाय."

"सांगता येत नाही म्हणजे? म्हैसूरपाक?"

"नाय."

"साहेब, पापड बोला, पापड," पायरीवरून पोलीस कुजबुजला. "हलका असतो."

"पापड?"

"नाय."

कॅमेरावाल्यानं कॅमेऱ्यातून डोळा काढला. "बुढ्ढी के बाल!"

"नाय."

आता बायकांना राहवेना. बर्फी, चिकट झालेला लाडू, मऊ पडलेला चिवडा! नलिनी नुसती मान हलवत होती. शेवटी सगळ्यांनी रुखसानाभाभींना पुढं केलं. भाभींनी हात पुसले, डबा घेतला, कानाशी धरून हलवला. परत हलवला. मग उलटा करून हलवला. मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच घाम पाहिला.

"आवाज नै. वजन नै..." त्या पुटपुटल्या. "सुतरफेणी?"

"नाय."

"तो फिर मैं हारी," भाभी म्हणाल्या, आणि डबा नलिनीच्या हातात दिला.

"साहेबांनी बी म्हणायचं," नलिनी म्हणाली. "त्यांनी बी हलवलाय."

साहेब कॅमेरावाल्याला म्हणाले, "बंद कर जरा."

"चालू ऱ्हाऊ द्या," नलिनी म्हणाली.

शासनाच्या अधिकृत चित्रीकरणात साहेब सावकाश, स्पष्ट शब्दांत म्हणाले, "हरलो."

नलिनीनं कडी काढली, झाकण उघडलं. सगळे पुढं वाकले. पोलीससुद्धा पायरीवरून उठला.

डबा रिकामा होता.

"ये बेईमानी है, नलिनीताई!" भाभी ओरडल्या.

"बेईमानी कशाची?" नलिनीचा आवाज मात्र बारीक झाला. "सीताफळाच्या वड्या व्हत्या. दौलताबादची सीताफळं आणून तीन दिस बिया काढत बसले व्हते मी. वास येऊ नाय म्हणून दार लावून घेतलं. खिचडीला उशीर व्हायला लागला, रांगेतली पोरं रडाया लागली. त्यांच्या हातावर काय ठेवणार? मागच्या दारानं गेले आन् वाटून टाकल्या. भुलाबाईपुढं डबा तर ठेवाया पायजे, म्हणून मोकळाच ठेवला. मला काय ठाव, साहेब येऊन हलवतील म्हणून!"

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, म्हणजे खिरापत आज शब्दशः... पण हमीदभाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो विचार मी पुरा करू शकलो नाही. अजून केलेला नाही.

भाभी बराच वेळ डब्याच्या तळाकडं बघत होत्या. "सीताफळ की वड्या," त्या शेवटी म्हणाल्या. "और मेरे वास्ते एक भी नै रखे?" त्यांना हरल्याचं दुःख नव्हतं, हे उघड दिसत होतं. नलिनी त्यांच्या गळ्यात पडली. दोघी एकाच वेळी रडल्या आणि हसल्या, आणि दोघींनी मिळून माझ्याकडं रागानं पाहिलं.

खिचडी झाली. साहेबांच्या देखत वाढली गेली आणि साहेबांच्या देखत एकूण एक वाटी परत आली. उलट एक जास्तच आली. ती कुणाची ते अजून ठरलेलं नाही. फकीरबाबांनी सगळ्या कॉलनीला दुवा दिली. आजीनं जाताना मला विचारलं, "पुढल्या रविवारी बी हाय का?" मी उत्तर द्यायच्या आत नलिनी म्हणाली, "नाय, आजी. यांचं वाचन चालू हाय."

साहेबांनी जाण्याआधी अहवाल लिहायला घेतला. त्यांनी मला पुन्हा विचारलं, "पक्ष नाही, उमेदवारी नाही, कुणाचा प्रचार नाही. मग हे सगळं झालं कशामुळं?"

"एका शब्दामुळं," मी म्हणालो, आणि तो कुठून आला ते पुन्हा थोडक्यात सांगू का, असं विचारलं.

साहेबांनी लिहिलं, 'कारण: घरगुती.'

मग नलिनीकडं वळून हळूच म्हणाले, "ताई, सीताफळाची वडी आमच्याकडं थापली की चिकटच राहते. ती सुटी कशी होते?" तिनं त्यांना जीपपर्यंत जाऊन खव्याचं प्रमाण सांगितलं. मला ते प्रमाण अजून माहीत नाही.

बबनराव त्या निवडणुकीत निवडून आले. आचारसंहिता उठली आणि चौकात त्यांचा मोठा फ्लेक्स लागला. त्यात खालच्या कोपऱ्यात, शाल पांघरलेला आणि बोलण्यासाठी तोंड उघडलेला माझा फोटो, आणि शेजारी मजकूर: 'वॉर्डाच्या भल्यासाठी मोठ्या मनानं माघार घेणारे आदरणीय गाडेकरकाका यांचे जाहीर आभार!'

नलिनीनं तो बघितला आणि म्हणाली, "जल्मात पयल्यांदा तुमचा फोटो चौकात लागला. तो बी काय केलं नाय म्हणून."

हमीदभाई म्हणाले, बबनरावांना सांगून उतरवून घेऊ, लोक गैरसमज करून घेतील. मी त्यांना गंभीरपणे सांगितलं की असल्या गोष्टींना मी महत्त्व देत नाही, राहू दे. फ्लेक्स महिनाभर होता. त्या महिन्यात सकाळचं दूध आणायला मी रोज स्वतः गेलो, आणि रोज त्या चौकावरूनच गेलो. डेअरी आमच्या घरापासून चौकाच्या अगदी उलट दिशेला आहे.